रेंजवर वाघ, कोर्सवर शेळी: गोल्फच्या सरावाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोच नाही. पुण्यात राहतो, चाळिशी उलटल्यावर गोल्फच्या नादी लागलो आणि बरीच वर्षं एकोणीसच्या हँडिकॅपवर (चांगल्या दिवशी ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण किती जास्त लागतात तो आकडा; कमी तेवढा चांगला) अडकून होतो. शनिवारी राउंड (अठरा होलचा पूर्ण खेळ) संपला की व्हरांड्यात चहा येईपर्यंत आमच्यात एकच विषय निघतो: "काल रेंजवर काय मस्त लागत होतं!" (रेंज म्हणजे एका जागेवरून बॉल मारायचं सरावाचं मैदान; खरा खेळ होतो तो कोर्सवर.) मागची तीनेक वर्षं मी या एका वाक्याचा पिच्छा पुरवला. वाचलं, कोचना विचारलं, स्वतःवर प्रयोग केले, वहीत मांडलं. लोक मला जे विचारतात आणि मी जे उत्तर देतो ते इथे एकत्र करून ठेवतो आहे.

रेंजवर सात नंबरच्या आयर्नने (मधल्या अंतराच्या लोखंडी क्लबने) दहातले आठ बॉल सरळ जातात. कोर्सवर तोच क्लब हातात घेतला की काय बिघडतं?

बहुतेक वेळा स्विंग बिघडलेला नसतो. काम वेगळं असतं.

रेंजवर पहिला बॉल उजवीकडे जातो. दुसऱ्याला तुम्ही नकळत हात जरा लवकर फिरवता, तो डावीकडे जातो. तिसरा मधे. चौथ्यापासून अंगात आधीच्या शॉटची आठवण ताजी असते आणि पुढचे वीस बॉल तीच आठवण मारून देते. पाय तिथेच, अंतर तेच, निशाण तेच. डोक्याला काही काम उरत नाही आणि आपल्याला वाटतं, स्विंग बसला.

शाळेतले पाढे आठवा. बाराचा पाढा सुरात म्हणताना कुणी चुकत नसे. पण गुरुजींनी मधेच बोट दाखवून "बारा साते?" विचारलं की अर्धा वर्ग मनातल्या मनात "बारा एके बारा"पासून सुरू करायचा. रेंज म्हणजे सुरात म्हटलेला पाढा. कोर्स मधेच बोट दाखवतो, आणि तिथे मागून सुरू करायला सवलत नसते.

जरा हिशेब करा. रेंजवर पन्नास बॉलची बकेट अर्ध्या तासात रिकामी होते, म्हणजे दर छत्तीस सेकंदांना एक शॉट. कोर्सवर नव्वद फटक्यांचा राउंड चार तासांत झाला तर दोन फटक्यांमध्ये सरासरी अडीच मिनिटांहून जास्त वेळ जातो. तोच सात नंबर पुन्हा हातात यायला कधीकधी पाऊण तास लागतो. मधे ड्रायव्हर (सर्वांत लांब मारायचा क्लब), वेज (छोट्या, उंच शॉटचा), पटर (बॉल होलमध्ये ढकलायचा), वाळूच्या बंकरमधली झटापट, सोबत्याचा हरवलेला बॉल शोधणं. एक स्विंग दीड सेकंदाचा धरला तर चार तासांत आपण प्रत्यक्ष मारतो फक्त सव्वादोन मिनिटं. बाकी सगळं चालणं, ठरवणं आणि मागच्या शॉटबद्दल हळहळणं. रेंजवर आपण त्या सव्वादोन मिनिटांचा सराव करतो. उरलेल्या चार तासांचा सराव कुणीच करत नाही.

पण तफावत खरंच एवढी असते का?

हा प्रश्न मला कुणी विचारत नाही, मीच मला विचारला. आणि या सगळ्यातलं सर्वांत उपयोगी उत्तर मला इथेच सापडलं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

माझी खात्री होती की रेंजवर माझा ड्रायव्हर चौदातून दहा वेळा फेअरवेवर (होलकडे नेणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) जातो. (पार ७२ च्या, म्हणजे बहात्तर फटक्यांत संपावा अशा, साधारण कोर्सवर चार पार थ्री, म्हणजे तीन फटक्यांचे छोटे होल, सोडले तर चौदा होल उरतात, म्हणून चौदा.) कोर्सवर मात्र चार राउंडचे आकडे होते पाच, चार, सहा, पाच. म्हणजे अर्ध्याने घट. मग एका गुरुवारी संध्याकाळी मी वही घेऊन रेंजवर गेलो. समोरचे दोन झेंडे निवडले, त्यांच्यामधलं अंतर साधारण तीस यार्ड, तोच माझा फेअरवे. नियम एवढाच की ड्रायव्हरचा एक बॉल मारला की पुढचा बॉल दुसऱ्या क्लबने, मग पुन्हा ड्रायव्हर. दरवेळी मॅटवरून मागे यायचं, रेघ बघायची, मग उभं राहायचं. प्रत्येक ड्राइव्हनंतर वहीत बरोबर किंवा फुली.

चौदातून पाच.

मी दुसऱ्या आठवड्यात पुन्हा मोजलं. सहा. म्हणजे कोर्सवर माझं काही बिघडतच नव्हतं! रेंजवरचे ते "दहा" कधी अस्तित्वातच नव्हते. बकेटमधले शेवटचे आठ-दहा बॉल, हात गरम झाल्यावरचे, तेवढे माझ्या लक्षात राहत होते. आधीचे तीस-पस्तीस मी "वॉर्म-अप" म्हणून विसरून जात होतो. कोर्सवर मात्र एकेक फटका कार्डावर लिहिला जातो. माझा नेहमीचा कॅडी (बॅग सांभाळणारा सोबती) हे ऐकून हसला आणि म्हणाला, "रेंजवर कार्ड कुठं असतं, साहेब?" तीन वर्षांच्या वाचनानंतर मला जे कळलं ते त्याने एका वाक्यात संपवलं.

तेव्हा स्विंगला दोष देण्याआधी एकदा मोजून बघा. फार कठोर व्हायचं असेल तर प्रत्येक क्लबचा फक्त पहिला बॉल मोजा. कोर्सवर तुम्हाला तोच मिळणार असतो.

यावर कुणी शास्त्रीय अभ्यास केला आहे का, की नुसत्या व्हरांड्यातल्या गप्पा?

केला आहे, आणि पन्नासेक वर्षांपासून चालू आहे. सर्वांत गाजलेला प्रयोग जॉन शी आणि रॉबिन मॉर्गन यांचा, १९७९ सालचा. त्यात गोल्फ नव्हतं. हातात टेनिसचा बॉल घेऊन समोरचे लाकडी अडथळे ठरावीक क्रमाने झटपट पाडायचे होते, असे तीन वेगवेगळे क्रम. एका गटाने पहिला क्रम पुन्हा पुन्हा केला, मग दुसरा, मग तिसरा. दुसऱ्या गटाला तिन्ही क्रम आलटूनपालटून दिले. सरावाच्या वेळी पहिला गट सरस होता. दहा मिनिटांनी आणि पुन्हा दहा दिवसांनी परीक्षा घेतली, तेव्हा आलटूनपालटून सराव करणारा, सरावात अडखळणारा दुसरा गट पुढे निघाला.

त्याच्या एक वर्ष आधी केर आणि बूथ यांनी लहान मुलांना छोट्या पिशव्या निशाणावर टाकायला लावल्या. एका गटाने तीन फुटांवरूनच सराव केला. दुसऱ्याने दोन आणि चार फुटांवरून केला, तीन फुटांवरून एकदाही नाही. परीक्षा तीन फुटांवरून झाली. आठ वर्षांच्या मुलांमध्ये दोन-चार फुटांवाला गट अधिक अचूक ठरला! ज्या अंतराचा सराव केलाच नाही, त्याच अंतरावर.

मैदानावरचा पुरावा हवा असेल तर १९९४ मधला कॉलेज बेसबॉलपटूंचा अभ्यास बघा. सहा आठवडे, आठवड्यातून दोनदा जादा फलंदाजी, दरवेळी तीन प्रकारचे पंधरा-पंधरा चेंडू. एका गटाला प्रकारवार, दुसऱ्याला मिसळून. शेवटी मिसळून खेळणाऱ्यांची सुधारणा सुमारे ५७ टक्के, प्रकारवार खेळणाऱ्यांची २५ टक्के.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. प्रयोगशाळेतली सोपी कामं आणि प्रत्यक्ष खेळ यांत फरक असतो. मैदानावर हा परिणाम दरवेळी इतका ठळक दिसत नाही, आणि अगदी नवशिक्याला सुरुवातीलाच सगळं मिसळून दिलं तर तो नुसता गोंधळतो. पण यातली मुख्य गोष्ट मला पटली आहे: आज सरावात किती छान जमलं, यावरून उद्या किती लक्षात राहील ते कळत नाही. बऱ्याचदा उलटच असतं.

म्हणजे एकच क्लब घेऊन पन्नास बॉल मारणं वायाच?

नाही. कोचने ग्रिप बदलली, बॅकस्विंग छोटा करायला सांगितला, तर ती नवी हालचाल अंगवळणी पडायला तोच शॉट सलग मारावाच लागतो. गवयी एकच तान शंभर वेळा घोटतो ती यासाठीच. चूक पुढे होते. महिनोन्‌महिने आपण फक्त घोटतच बसतो, आणि ती तान मैफलीत आयत्या वेळी घ्यायची कशी, हे कधी करून बघत नाही.

माझा ढोबळ हिशेब असा: नवीन काही शिकत असाल तर अर्धी बकेट घोटा, अर्धी मिसळून मारा. नवीन काही नसेल तर दहा बॉल अंग मोकळं करायला पुरेत.

मॅटवरून आणि गवतावरून मारण्यात खरंच फरक पडतो का?

पडतो, आणि लोक समजतात त्याहून जास्त.

क्लब बॉलच्या दोन इंच मागे जमिनीला लागला, तर गवतावर तो मातीत रुततो आणि बॉल निम्म्या अंतरावर मान टाकतो. मॅटवर तोच क्लब रबरावरून घसरून पुढे सरकतो आणि बॉलच्या बुडाशी बऱ्यापैकी लागतो. आवाज जरा जाड येतो, पण बॉल उडतो, बऱ्यापैकी सरळही जातो. तुम्ही खूश. मॅट तुमची चूक पदराखाली झाकते आणि कोर्स ती चव्हाट्यावर मांडतो. त्यात रेंजचे बॉल. ते टिकावेत म्हणून कडक बनवलेले असतात, काही ठिकाणी मुद्दाम कमी अंतर जाणारे वापरतात, शिवाय वर्षभर मार खाऊन गुळगुळीत झालेले असतात. त्यांच्यावरून "माझा सात नंबर इतके यार्ड जातो" असा आकडा मनात धरला की पुढचा प्रत्येक क्लब चुकीचा निवडला जातो.

यावर माझा उपाय घरचा आहे: रांगोळी. आमच्या चिपिंगच्या (छोट्या शॉटच्या सरावाच्या) जागेजवळ थोडं उघडं गवत आहे. तिथे चिमटीने रांगोळीची हातभर लांब, निशाणाला आडवी रेघ ओढायची, बॉल न ठेवता रेघेवर उभं राहायचं आणि स्विंग करायचा. गवत कुठून उडालं ते बघायचं. रेघेच्या पुढून उडालं तर उत्तम, मागून उडालं तर बॉल असता तर फॅट (आधी जमिनीला) लागला असता. मग रेघेच्या कडेने जरा सरकायचं, दुसरा स्विंग. पहिल्या दिवशी माझ्या वीसातल्या तेरा खुणा रेघेच्या मागे होत्या, कितीतरी तर चार बोटं मागे. त्याच आठवड्यात मॅटवर मी स्वतःला "आयर्न सुधारली" असं प्रशस्तिपत्र दिलं होतं. माळीकाका हे सगळं बघत उभे होते. "कुणाची पूजा आहे?" एवढंच त्यांनी विचारलं. (गवत उपटलं जातं, तेव्हा आधी परवानगी घ्या आणि नंतर वाळू भरा.)

उताराचं काय? रेंज तर सपाट असते.

नाचता येईना अंगण वाकडं, असं आपण दुसऱ्याला हिणवतो. गोल्फमध्ये अंगण खरोखरच वाकडं असतं. बॉल पायांच्या वर असला तर उजव्या हाताने खेळणाऱ्याचा शॉट डावीकडे ओढला जातो, खाली असला तर उजवीकडे. चढावरून बॉल उंच उडतो आणि कमी जातो, उतारावरून खालून सुटतो आणि जास्त पळतो. पुण्यात लवळे-बावधनच्या बाजूचा ऑक्सफर्डचा कोर्स किंवा नवी मुंबईत खारघरला डोंगराच्या पायथ्याचा कोर्स, अशा ठिकाणी सपाट लाय (बॉल पडतो ती जागा) मिळाली की वाढदिवस असल्यासारखं वाटतं.

याचा सराव रेंजवर होत नाही, कोर्सवरच करावा लागतो. आठवड्यातल्या एखाद्या रिकाम्या दुपारी, मागे कुणी नसताना, नऊ होल एकटे खेळा आणि बॉल मुद्दाम वाकड्या जागी टाकून मारा. त्या दिवशी कार्ड खिशात ठेवा.

मग एका तासात नेमकं करायचं काय?

मी काय करतो ते सांगतो.

पहिले दहा बॉल वेज, अर्धे स्विंग, कुठलंही निशाण नाही. मग आमचा कोर्स रेंजवरच खेळायला घेतो. डोळ्यांसमोर पहिलं होल आणतो: डावीकडे झाडी, तर रेंजवरचा डावा खांब म्हणजे झाडी. ड्रायव्हर. बॉल जिथे गेला असेल तिथून अंदाजे किती यार्ड उरले ते ठरवतो आणि तो क्लब काढतो. ग्रीन (होलभोवतीचं गुळगुळीत गवत) चुकली असं वाटलं तर वेजने छोटी पिच, म्हणजे उंच उडणारा छोटा शॉट. पुढचं होल. दोन बॉल एकाच क्लबने सलग मारायचे नाहीत, आणि वाईट शॉटनंतर "एक परत" घ्यायचा नाही. ही दुसरी अट पाळायला जड जाते. हात आपोआप बकेटकडे जातो. नऊ होल खेळायला साधारण पंचवीस बॉल पुरतात. म्हणजे पन्नासच्या बकेटमध्ये वॉर्म-अप, नऊ होल, आणि उरलेले पंधरा ज्या शॉटने आज सर्वांत जास्त दगा दिला त्याच्यासाठी.

दरवेळी मॅटच्या मागे जाऊन नवी रेघ धरायची. याने वेग आपोआप निम्मा होतो. बकेट अर्ध्या तासाऐवजी तासभर पुरते, जे पैशाच्या दृष्टीनेही बरं.

स्वीडनची विख्यात गोल्फपटू अनिका सोरेनस्टॅम हिच्या कोच राहिलेल्या पिया निल्सन आणि त्यांच्या सहकारी लिन मॅरियट या बाबतीत एक छान युक्ती शिकवतात. बॉलच्या मागे एक काल्पनिक रेघ. रेघेच्या अलीकडे सगळा विचार करायचा: वारा, अंतर, क्लब. रेघ ओलांडली की विचार बंद, फक्त मारायचं. रेंजवर मी खरंच एक क्लब आडवा टाकून ती रेघ बनवतो. कोर्सवर ती मनातच असते, पण पाय थबकतो खरा.

एक इशारा. असा सराव केलात तर रेंजवर तुम्ही वाईट दिसाल. शेजारचा माणूस सलग वीस सरळ बॉल मारत असेल आणि तुमचे इकडेतिकडे जात असतील. लोक सल्ले द्यायला येतील. चहा पाजा आणि वाटेला लावा.

पटिंग ग्रीनवर सगळ्या पट जातात, मॅचमध्ये तीन फुटांची राहते. का?

तेच दुखणं. तीन बॉल, एकाच जागेवरून, एकाच होलकडे. पहिल्याने उतार आणि वेग सांगितला, दुसऱ्याने दुरुस्त केला, तिसरा गेला. तुम्ही तिसरा लक्षात ठेवलात. कोर्सवर तुमच्याकडे फक्त पहिला असतो.

एक बॉल घ्या, तोच जो कोर्सवर वापरता. नऊ वेगवेगळ्या जागांवरून पट करा, प्रत्येक पट पूर्ण संपवून. अठरा फटक्यांत नऊ होल झाले तर खूप छान. आणि अपेक्षा जरा ताळ्यावर ठेवा: होलचा व्यास १०८ मिलिमीटर, आणि अमेरिकेच्या पीजीए टूरवरचे व्यावसायिक खेळाडू आठ फुटांवरून साधारण निम्म्याच पट घालतात. आपण सहा फुटांची चुकली म्हणून पटर आपटतो.

सगळ्यात जास्त वेळ कशाला द्यावा?

व्हरांड्यातलं उत्तर: "पट फॉर डो", म्हणजे पैसा मिळतो तो पटिंगवर. आकड्यांचं उत्तर वेगळं आहे. कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी पीजीए टूरवरच्या लाखो शॉटच्या नोंदी तपासल्या. चांगल्या खेळाडूंचा इतरांपेक्षा जो फायदा होतो त्यातला जवळपास ४० टक्के ग्रीनकडे मारलेल्या लांब शॉटमधून येतो, २८ टक्के ड्रायव्हिंगमधून, आणि पटिंगमधून फक्त १५ टक्के. म्हणजे सरासरी बघता आयर्न महत्त्वाची.

सरासरीला अपवाद मात्र असतात, आणि आपल्याकडचा अपवाद तर डोळ्यांत भरणारा आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक लांबीत बहुतेकींच्या मागे होती. तरी छोट्या खेळाच्या आणि पटरच्या बळावर ती चौथी आली, कांस्यपदकापासून फक्त एक फटका दूर. तेव्हा आकडे वाचा, पण तुमचे फटके कुठे जातात ते तुमच्याच कार्डावर बघा. माझे दोन-तीन दरवेळी तिसऱ्या होलच्या पाण्यात जातात, त्याला ब्रॉडी काय करणार?

पहिल्या टीवर (होलचा पहिला फटका जिथून मारतात तिथे) हात थरथरतात. याचा सराव होतो का?

थोडाफार होतो. रेंजवर नसतं ते एकच: काहीतरी गमावण्याची भीती. ती तयार करा. आम्ही तिघं शुक्रवारी शेवटचे पाच बॉल पैजेवर मारतो, हरणाऱ्याने वडापाव द्यायचा. वडापावची किंमत ती काय, पण दोघे मागे हाताची घडी घालून बघत असताना मारलेला तो बॉल बकेटमधल्या बाकी सगळ्यांपेक्षा वेगळा असतो.

दुसरं, लक्ष कुठे ठेवता ते तपासा. गाब्रिएले वुल्फ या संशोधिकेने १९९९ मध्ये नवशिक्यांना छोटे पिच शॉट शिकवले. एका गटाला हातांच्या हालचालीकडे लक्ष द्यायला सांगितलं, दुसऱ्याला क्लबच्या झोक्याकडे. क्लबकडे लक्ष देणारे अधिक अचूक निघाले, सरावातही आणि नंतरही. भीती वाटली की आपण नेमकं उलट करतो. कोपर कुठे, मनगट कसं, खांदा वळला का. त्या वेळी डोक्यात अवयव आले की शॉट गेलाच म्हणून समजा. मी तेव्हा फक्त लांबच्या एका झाडाच्या शेंड्याकडे बघतो.

राउंडच्या आधी रेंजवर वाईट लागलं तर दिवस वाईट जातो का?

माझ्या वहीत तरी काही संबंध दिसत नाही. राउंडआधीची वीस मिनिटं अंग गरम करायला असतात, स्विंग दुरुस्त करायला नाही. तिथे शँक लागला (बॉल क्लबच्या दांड्याजवळ लागून भलतीकडे गेला) म्हणून ग्रिप बदलून टीवर गेलेले लोक मी पाहिले आहेत. त्यांचं पुढे काय झालं ते न सांगितलेलंच बरं. वेळ कमी असेल तर रेंज सोडा, पाच मिनिटं लांब पट मारून ग्रीनचा वेग समजून घ्या.

राउंड चालू असताना सराव करता येतो का?

होल खेळत असताना बॉल मारून सराव करायचा नाही, तो नियमभंग आहे. हवेत स्विंग चालतो. दोन होलच्या मधे, नुकत्याच संपलेल्या ग्रीनवर किंवा जवळ आणि पुढच्या टीवर पट किंवा चिप करायला नियम परवानगी देतो. मात्र स्पर्धेची समिती ही सवलत काढून घेऊ शकते, आणि खेळ रेंगाळत असेल तर मागच्या चौकडीच्या शिव्या वेगळ्या. स्ट्रोक प्ले (एकूण फटके मोजायची स्पर्धा) असेल तर त्या दिवशी राउंडआधी कोर्सवर सराव करता येत नाही. रेंज, सरावाची ग्रीन आणि पहिल्या टीजवळ थोडं पटिंग-चिपिंग चालतं.

सराव वाढवला, तरी हँडिकॅपइतका स्कोअर येत नाही. काय चुकतंय?

बहुधा काहीच नाही. २०२० पासूनच्या जागतिक पद्धतीत हँडिकॅप शेवटच्या वीस राउंडमधल्या सर्वोत्तम आठांवरून काढतात. उरलेले बारा हिशेबातच नसतात. म्हणजे हँडिकॅप तुमच्या चांगल्या दिवसांचा आकडा आहे, रोजचा नव्हे. त्याहून तीन-चार फटके जास्त लागणं हा अगदी साधा शनिवार झाला.

पावसाळ्यात सिम्युलेटरवर खेळलेलं उपयोगी पडतं का?

अंतरं कळायला, क्लब बदलत खेळायला, हो. पण पुन्हा मॅटच, आणि ओला रफ (फेअरवेबाहेरचं वाढलेलं गवत), चिखल लागलेला बॉल, न पळणारा फेअरवे हे पडद्यावर नसतं. जून ते सप्टेंबर हात चालू राहतो, एवढंच.

स्विंग बदलला तर कोर्सवर दिसायला किती दिवस लागतात?

आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मला बॅकस्विंग छोटा करायला रेंजवर तीन आठवडे लागले आणि कोर्सवर तो पहिल्यांदा आपसूक आला तो पाचव्या महिन्यात, तेही मॅच हरलेली असताना सतराव्या होलवर. मधल्या काळात स्कोअर वाढला होता. कोचने आधीच सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं.

आठवड्यातून एकच तास मिळतो. रेंज की नऊ होल?

कोर्स रिकामा असेल तर नऊ होल, डोळे मिटून. म्हणजे डोळे उघडे ठेवून खेळा, पण निर्णय डोळे मिटून घ्या.

एवढं सगळं करून तुमचा हँडिकॅप उतरला का?

दीड वर्षात एकोणीसचा सतरा झाला, मग यंदा पावसाळ्यानंतर अठरा. आयर्न सुधारली, हे वहीतून कळतं. रांगोळीच्या मागच्या खुणा वीसातल्या तेरावरून सहावर आल्या. तिसऱ्या होलचं पाणी मात्र अजून आहे तिथेच आहे. रेंजवर मी ते होल शेकडो वेळा पार केलं असेल. गेल्या शनिवारी टीवर पोचलो, बॅगेकडे हात नेला, तर कॅडीने आधीच नवा बॉल खिशात टाकून एक जुना, पिवळा पडलेला काढून ठेवला होता. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही.